न झाडलेली घरं

माझ्या हरमलच्या खोल्यांत कोरडा झाडू चालत नाही. कामाला नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी मी तिला दोन बालद्या देते. एकीत फडकं भिजवायचं, दुसरीत पिळायचं, आणि पुसायचं ते वरून खाली. ती खोली झाली म्हणून सांगायला आली की मी जाते आणि दाराच्या चौकटीवर, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, बोट फिरवते. मुली मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. रशियाहून आलेला माणूस असो की पुण्याहून आलेलं जोडपं, भाड्यात घासाघीस करणारा कुणीही माझी खोली बघितली की आवाज खाली आणतो, आणि त्यानंतर मी सांगेन तो भाव असतो. पर्यटन खात्याची एक बाई एकदा आली होती, तिने विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात. मी म्हटलं, घरी. आणखी विचारलं असतं तर सांगितलं नसतं. ज्या बाईने मला हे शिकवलं, तिने माझं जे केलं ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही.

आमचं घर पाळीला, खाणीच्या रस्त्याच्या वळणावर. चढावर ट्रक गिअर बदलत तो बरोबर आमच्या जनेलासमोर, खिडकीसमोर. ट्रकांची रांग सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याच्या आधी सुरू व्हायची. त्यामुळे उंड्यांची, गोल पावांची, टोपली घेऊन तो सायकलवरून येई तेव्हा त्याच्या टोपलीवरचं प्लास्टिक लाल झालेलं असे, आणि आई ते बाजूला करून खालून, तळाचे उंडे काढून घेई. फणसाची पानं लाल, वळचणीची कौलं लाल, तुळस लाल. दोरीवर वाळत घातलेला बाबांचा पांढरा सदरा संध्याकाळी गुलाबी होऊन घरात यायचा. दहा वाजता पेज खायला बसलो की पहिल्या घासाला दाताखाली कर्र वाजायचं. आम्हा मुलांना त्याचं काही वाटत नसे. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की पेज अशीच लागते, जरा लोखंडासारखी, आणि सोबतच्या तोरांची, मिठात मुरवलेल्या कैरीची, आंबट-खारट फोड ही ती चव घालवायलाच असते. मावशीकडे कारापूरला पहिल्यांदा पेज खाल्ली तेव्हा मी विचारलं होतं, ही अशी अळणी का.

धुळीचं वाटायला लागलं ते माझ्या भावामुळे. अनंत, घरात अंतू. माझ्यापेक्षा बराच लहान. त्याला श्वास लागायचा. आधी खोकला, मग छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज, मग तो खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा, कारण बसलं की हवा आत जात नाही असं तो म्हणायचा. डिचोलीच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि आईला बजावलं की औषधापेक्षा घर महत्त्वाचं. झाडलंत की धूळ उठते आणि पोराच्या नाकात जाते, म्हणून पुसा, रोज पुसा, अंथरुणं उन्हात घाला, भिंतीवर काही टांगू नका. आईने ते देवाच्या आज्ञेसारखं घेतलं. सकाळी एकदा आणि ट्रक थांबले की एकदा, असं घर पुसलं जाई. आधी बांबूला ओलं फडकं बांधून वासे, मग देवांच्या तसबिरी, मग पालथी घातलेली भांडी, मग मेज, कदेली म्हणजे खुर्च्या, शेवटी सिमेंटची जमीन. जनेलाला ओलं गोणपाट टांगायचं आणि ते दर थोड्या वेळाने पुन्हा भिजवायचं काम माझं. दुसऱ्या बालदीतलं पाणी पान खाऊन थुंकल्यासारखं लाल व्हायचं. ते परसातल्या केळीला घालायचं नाही, गटारात ओतायचं, अशी तिची सक्त ताकीद. त्या पुसण्याने अंतू रात्रीचा झोपू लागला हे खरं. पण ट्रक वाढत गेले आणि तो आंघोळीपुरता जरी बाहेर गेला तरी परत गुरगुरू लागायचा.

आईच्या पुसण्यात अंतूखेरीज आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा समजली. ती सावंतवाडीकडची, तिचे आईवडील खाणीवर माती उपसायला आलेले. बाबांनी तिच्याशी लग्न केलं ते गावाला रुचलं नाही. ती घरात आली तेव्हा शेजारच्या बायका यायच्या, हसून बोलायच्या, आणि बसण्याआधी पदराच्या टोकाने कदेल पुसून घ्यायच्या. खाणीवरचीचं घर ना, माती असायचीच. हे सगळं एकही शब्द न बोलता. मग पुष्कळ वर्षांनी कधीतरी एक बाई आली आणि न पुसता तशीच बसली. आई ही गोष्ट मला कितीदा तरी सांगायची, दुसरी बाई आपल्या मुलाच्या पहिल्या पगाराची सांगेल तशी.

गावाची मागणी मोठी नव्हती. ट्रकांवर ताडपत्री बांधा आणि रस्त्यावर दिवसातून पाणी मारा. खाणीच्या कचेरीत अर्ज देऊन झाले, पंचांकडे जाऊन झालं. शेवटी निरोप आला की तपासणीला माणसं येतील, खाणीचे साहेब आणि एक सरकारी डॉक्टर, घराघरांत धूळ खरोखर किती जाते ते डोळ्यांनी बघतील. ऐकून सगळ्या बायकांनी काय केलं असेल? पाहुणे येणार म्हणून घरं पुसायच्या तयारीला लागल्या. शेवंतावयनीने, म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरातल्या नव्या सुनेने, तर भिंतींना चुना लावायला काढला. मला हसावं की रडावं कळेना. मी तेव्हा शाळा सोडून घरी बसलेली, अंगात भलती धग. मी चुन्याची बालदी तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हटलं, तुम्ही पुसून ठेवणार, मग ते धूळ बघणार कशी? त्यांना यायचं आहे ना, तर येईपर्यंत कुणी झाडायचं नाही, कुणी पुसायचं नाही.

शेवंता हसली, ती माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, तिला पटलं. पण म्हाताऱ्यांना पटवणं कठीण होतं. दिवेलागणीला पारोसं घर ठेवलं तर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, हे त्यांचं म्हणणं. मी घरोघर फिरले. एकीला सांगितलं, देव्हारा पुसा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. दुसरीने चूल मागितली, चूल दिली. तिसरी म्हणाली उंबरा, उंबराही दिला. बाकीचं घर मात्र तसंच राहायला हवं, मेज, जनेल, भांड्यांची फळी, अंथरुणं. देता देता मी काय राखायचं ते राखलं. आज लोक मला म्हणतात की तुझ्याशी व्यवहार करणं म्हणजे खडकावर नारळ फोडणं. माझा पहिला सौदा तो होता, आणि मला स्वतःला त्यातून काहीच मिळवायचं नव्हतं, अंतूचा श्वास सोडून.

तरी दोघी-तिघी कुरकुरत राहिल्या, तेव्हा सातेरीच्या देवळात प्रसाद लावायचं, देवीचा कौल घ्यायचं ठरलं. भटजींनी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या राहिलो. उजवी पाकळी पडली. देवीचा होकार. सगळ्यांत पुढे हात जोडून उभी होती ती माझी आई. तिने मान लववली, आणि आम्ही सगळ्या जणींनी तिच्या मागोमाग कबूल केलं की माणसं येऊन जाईपर्यंत घरात फडकं फिरणार नाही. अंतूला त्या धुळीत ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याला मी कारापूरला मावशीकडे पोचवून आले. तो बसमध्ये म्हणाला, ताई, कधी परत? मी म्हटलं, रस्त्यावर पाणी पडलं की लगेच.

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात, कारण आमचं घर पहिल्यांदाच गप्प होतं. बालदीच्या कडीचा आवाज नाही, फडकं पिळल्याचा नाही. आई नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. हात रिकामे कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. ती ते पदरात गुंडाळून घ्यायची. मेजावर लाल साय धरली. आरशावर मी बोटाने अंतूचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धुळीने भरून आलं, तेव्हा मला आनंदच झाला आणि मी ते परत लिहिलं. बाबा खाणीच्या गॅरेजात मेकॅनिक, ते दमून येत आणि जे काही चाललं आहे त्याला हूं म्हणून जेवत. माणसं येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "परक्या माणसांक असला घर दाखवूचा म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मी म्हटलं, म्हणजे काय, देवीने सांगितलंय. ती उठून चुलीकडे गेली. मला वाटलं, तिला पटलं.

सकाळी मी आणि शेवंता तिठ्यावर जाऊन उभ्या राहिलो, माणसांना वाट दाखवायला. जीप बराच वेळ आली नाही. उन्हं चढली, तरी आम्ही हललो नाही. शेवटी आली. खाणीचे साहेब, पायात चकचकीत बूट, सरकारी डॉक्टर, आणि आमच्या वाड्यावरचे पंच. पंच म्हणाले, सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, आमच्यापासून. वळणावरचं पहिलं घर आमचं, सगळ्यांत वाईट तेच. मी त्यांच्या पुढे चालत होते, जवळजवळ धावतच. वाड्यावरच्या बायका माझ्यामागे गोळा झाल्या होत्या.

दारात आई उभी होती. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. हातात पाय धुवायला पाण्याचा तांब्या. तिच्या मागे आमची जमीन ओली चमकत होती.

मी आत गेले. मेजात जनेलाचा उजेड दिसत होता. भांड्यांची फळी, वासे, कदेली, सगळं. आरशावरचं अंतूचं नाव नव्हतं. जनेलाला धुतलेलं गोणपाट टांगलेलं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. ती इतकी भराभर कशी पुसू शकली हे मी मनात मोजत राहिले, जणू ते कळलं तर बाकीचंही कळेल. साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, जनेलाच्या कठड्यावरून फिरवला आणि डॉक्टरांना दाखवला. रुमाल पांढराच. आईने त्यांना कदेल पुढे केली. त्यांनी ती पुसली नाही, तसेच बसले. आईचा चेहरा मी त्या क्षणी बघितला. तसा चेहरा मी तिचा अंतू जन्मला तेव्हाही बघितला नव्हता.

नंतर ते शेवंताकडे गेले. तिथे आम्ही ठरवलं होतं तसंच होतं सगळं, अंथरुणापर्यंत लाल. साहेब दाराबाहेरच थांबले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, आमच्या घराकडे बघितलं आणि फार शांतपणे पंचांना विचारलं, "दोन्ही घरं एकाच रस्त्यावर. मग ही धूळ कुणाची?"

पुढची घरं त्यांनी भराभर बघितली, बघितली न बघितली. डॉक्टरांनी बायकांना एकत्र बोलावून पाच मिनिटं सांगितलं की रोजची साफसफाई हे निम्मं औषध असतं, आळस करू नये, या पहिल्या घराचा आदर्श ठेवावा. थोड्याच दिवसांत खाणीकडून घरोघरी एकेक झाडू आणि फिनेलची बाटली आली. आमच्याकडे सर्वांत आधी. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं की घर स्वच्छ ठेवा, आरोग्य राखा. ट्रकांवर ताडपत्री आली नाही, रस्त्यावर पाणी पडलं नाही.

जीप गेल्यावर बायका आमच्या खळ्यात आल्या. आधी बोलली ती शेवंता. तिच्या हाताला अजून आदल्या आठवड्यातल्या चुन्याचे डाग होते. "आमका झाडूक दिलंस नाय, आणि आपला घर तेवढा चकचकीत केलंस," ती म्हणाली. "सौदो बरो जमता गो तुका."

मी आईकडे बघितलं. ती दारातच होती, तांब्या अजून हातात. एवढंच म्हणायचं होतं, पोरीने नाही, मी पुसलं. गाव तिला चार दिवस बोललं असतं आणि विसरलं असतं, कारण पाहुण्यांसाठी घर पुसणं कुठल्या बाईला समजणार नाही? पण ठरवून फसवलं, देवीसमोर कबूल करून फसवलं, हे माझ्या अंगावर आलं आणि राहिलं. ती वळून आत गेली आणि तांब्या जागेवर ठेवल्याचा आवाज आला. मी बायकांना सांगितलं की मी नाही, मला ठाऊकही नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, तर तर, घर आपोआप पुसलं गेलं. सगळ्या हसल्या. आवयवर ढकलते, असंही कुणी म्हणालं.

घरात गेल्यावर मी तो तांब्या उचलून भिंतीवर मारला. अजून तो चेपलेला आहे, माझ्याकडेच आहे. मी विचारलं, का केलंस? ती चेपलेला तांब्या उचलून पुसायला लागली. मग म्हणाली, "तू लेकरू आसस. तुका नाय कळाचा." त्यापलीकडे तिने या विषयावर कधी एक अक्षर काढलं नाही. लोकांनी नंतर उठवलं की बाबांच्या नोकरीसाठी खाणीवाल्यांनी तिला फितवलं. तसं असतं तर मी तिला माफ केलं असतं. पोटासाठी माणूस काय काय करतो ते मी हरमलला येऊन स्वतः केलं आहे. पण तिला कुणी फितवलं नव्हतं. परक्या माणसाने कदेल न पुसता बसावं, एवढ्यासाठी तिने अंतूला दिलं आणि मला दिलं.

अंतू कारापूरलाच राहिला. आधी पावसाळ्यापर्यंत, मग शाळा तिथेच घातली म्हणून, मग सवय झाली म्हणून. तिथे त्याची छाती मोकळी झाली. चतुर्थीला तो पाहुण्यासारखा यायचा, एक-दोन दिवस राहून खोकायला लागला की परत जायचा. एका चतुर्थीला त्याने सोबत आलेल्या मावशीला आई म्हणून हाक मारली आणि आमच्या आईला काकी. चुकून नव्हे. मोदकांसाठी नारळ खोवता खोवता आईचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. आता अंतू दुबईला असतो. त्याला वाटतं की आम्ही त्याला देऊन टाकलं. मी त्याला सांगायला गेले की कसं घडलं, तर म्हणाला, ताई, जाऊ दे, तिथे हवा बरी होती. म्हणजे मला तिथेच का ठेवलं असं त्याने विचारलं तेव्हा आईने त्याला जे उत्तर दिलं होतं, तेच.

मीही पाळीला राहिले नाही. मी रस्त्यावरून जाताना बायका गप्प होत, कुणी हळदीकुंकवाला बोलावलं की मुद्दाम म्हणे, ये गो, आमचं घर काही तुझ्याइतकं पुसलेलं नाही. मी हरमलला एका बाईच्या घरी परदेशी लोकांच्या खोल्या पुसायला लागले, मग तिची एक खोली भाड्याने घेतली, मग दुसरी. तो हिशेब इथे नको. बाबा गेल्यावर आईला मी इथे आणली. म्हणजे तिकडे तिला बघणारं कुणी नव्हतं आणि लोक काय म्हणतील हे मलाही कळतं. मागची खोली दिली, गल्लीकडे जनेल असलेली. गल्लीतून दिवसभर पर्यटकांच्या स्कूटर जातात. तिथली मातीही लालच. खोली रोज पुसली जाई, माझ्या बाकीच्या खोल्यांसारखीच, वरून खाली. ती खाटेवरून मुलींना सांगायची, तो कोपरो ऱ्हवलो. तिचं बरोबर असायचं.

शेवटच्या वर्षात ती उठेनाशी झाली. तेव्हा एक दिवस शेवंताचा फोन आला. नातीला समुद्र बघायचाय, हरमलला येतोय, काकीला बघून जाईन. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नव्हती. मी आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, मुलींका सांग, खोली पुसून घेवक. आणि माझ्या डोक्यात काय गेलं ते मला अजून सांगता येत नाही. मी मुलींना सांगितलं की ते येऊन जाईपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, फडकं तर नाहीच. आईला तिच्या खाटेजवळ जाऊन सांगितलं, या वेळी राहू दे. या वेळी बघू दे त्यांना. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. गल्लीत त्या आठवड्यात पाइप टाकायला खणलं होतं. दोन दिवसांत जनेलाचा कठडा, औषधांचं मेज, पाहुण्यांची कदेल, सगळ्यावर लाल साय आली. मला ते बघून बरं वाटत होतं. खोटं का बोलू?

शेवंता दुपारी आली. केस पांढरे, नात बाहेर फोनवर. मी तिला मागच्या खोलीपर्यंत नेलं आणि दारात थांबले. खोलीभर धूळ होती, जशी मी ठेवली होती तशी. फक्त खाटेजवळ नव्हती. जनेलाच्या कठड्यावर, खाटेवरून आईचा हात जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत, एक स्वच्छ अर्धगोल होता आणि त्यापुढे लाल. मेजाची अलीकडची बाजू स्वच्छ, पलीकडची लाल. कदेल खाटेला लागून ओढून घेतलेली. आईच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर तिच्या छातीवर होता आणि त्याचं टोक मातीत बुडवल्यासारखं लाल.

शेवंताने कठड्याकडे बघितलं. मग पदराकडे. मग वळून माझ्याकडे, बराच वेळ. तिला समजलं होतं. "काकी," ती हळू म्हणाली, "त्या दिसा पण तूच गो?"

मी चौकट धरून उभी होते. आता तरी, मला वाटलं. एक शब्द. नुसता हुंकार दिला असता तरी चाललं असतं.

शेवंताने जुन्या सवयीने आपला पदर पुढे घेतला आणि कदेलीवर वाकली. आईचा हात खाटेवरून उठला.

"बस गो शेवंता," ती म्हणाली. "कदेल पुसलेली आसा."

शेवंता बसली. मी बसले नाही.